एचआयव्ही पाठपुरावा : निधी बंद झाल्यावर तालुक्यातलं काम कसं चालू ठेवावं?

गोदाकाठ

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा पाठपुरावा करणारी आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. यादीवर साधारण दोनशे माणसं आहेत. दोन पूर्णवेळ कार्यकर्ते, एक समन्वयक, प्रवासखर्च, पोषण आहाराची पाकिटं आणि महिन्याची बैठक हे सगळं एका प्रकल्पावर चालतं. येत्या ३१ मार्चला तो प्रकल्प संपतोय आणि पुढचा निधी नजरेत नाही.

गोळ्या सरकारी एआरटी सेंटरमधून (एचआयव्हीवरच्या उपचारांचं केंद्र) मोफत मिळतात, ती काळजी नाही. सेंटर जिल्ह्याच्या गावी आहे. काही वाड्यांवरून दोन गाड्या बदलाव्या लागतात, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी जाते. ग्रामीण रुग्णालयात लिंक एआरटी सेंटर, म्हणजे त्याच सेंटरला जोडलेलं गोळ्या देणारं उपकेंद्र, आहे, पण तिथे गावातलं कुणी भेटेल म्हणून बरेच जण मुद्दाम लांबच जातात. यादीतली साठेक माणसं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, काही कर्नाटकात. गोळ्या तुटतात त्या मुख्यतः याच काळात.

एप्रिलपासून फार तर दोन अर्धवेळ माणसं ठेवता येतील. तर,

- दोनशेपैकी कुणाकडे किती लक्ष द्यायचं, हे कशावरून ठरवावं?
- ऊसतोडीला गेलेल्यांच्या गोळ्या सुटू नयेत म्हणून नेमकं काय करता येतं?
- आजवरच्या कामातलं काय बिनधास्त बंद करावं आणि कशाला हात लावू नये?
- पैशाची तजवीज कशी करावी?

"सरकारशी समन्वय साधा" एवढंच उत्तर नको. समन्वय म्हणजे कुणाला, कधी, काय सांगायचं ते हवंय.

---

उपचारसाथ

दर महिन्याला दोनशे जणांना भेटायचं हे उद्दिष्ट आधी सोडा. त्याची गरजही नाही. वर्षभर गोळ्या नीट चालू आहेत, शेवटचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) १००० च्या खाली आहे आणि दुसरं आजारपण नाही, अशा माणसाच्या घरी कार्यकर्ता दर महिन्याला गेला तर फायदा थोडा आणि शेजाऱ्यांच्या चौकश्या जास्त. त्यांना गोळ्यांच्या तारखेआधी एक फोन पुरतो. केंद्राने तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या असतील तर वर्षाला चार फोन.

लक्ष द्यायचं ते पुढच्या लोकांकडे. गोळ्या सुरू होऊन सहा महिने न झालेले. व्हायरल लोड १००० किंवा त्याहून वर आलेले. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) २०० च्या खाली असलेले. टीबीचे उपचार चालू असलेले. गरोदर बाई, आणि बाळ दीड वर्षाचं होऊन त्याचा शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत ती आई. दहा ते एकोणीस वयाची मुलं, त्यातही आई-वडील गेलेली आणि आजी-मामाकडे वाढणारी. दारूचं व्यसन असलेले. आणि एकदा गोळ्या सोडून परत आलेले, कारण पुन्हा सुटण्याचा धोका त्यांनाच सगळ्यात जास्त. एवढ्यांशी महिन्यातून एकदा समोरासमोर बोलणं व्हायलाच हवं. दोनशेच्या यादीत असे चाळीस ते साठ निघतात. एका अर्धवेळ माणसाला पंचवीस झेपतात, त्यापुढे भेट नुसती सही घेण्यापुरती उरते.

ही विभागणी एकदाच करून चालत नाही. दर तिमाहीला केंद्राच्या समुपदेशकासोबत बसून नावं इकडची तिकडे करा. व्हायरल लोड सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि नंतर वर्षातून एकदा होतो. पुढच्या तपासणीचा महिना तुमच्या वहीत असला पाहिजे. केंद्रात गर्दी असली की रक्त द्यायचं राहून जातं, माणूस गोळ्या घेऊन घरी येतो आणि कुणाच्याच लक्षात येत नाही. रिपोर्ट १००० च्या वर आला म्हणजे लगेच औषध बदलतात असं नाही. तीन महिने दर महिन्याला समुपदेशन होतं, गोळ्या नीट चालल्या याची खात्री होते आणि मग पुन्हा तपासणी. त्या तीन महिन्यांत घरापर्यंत पोचणारं कुणी नसेल तर केंद्रातलं समुपदेशन हवेत जातं.

आता कामाची रीत. दर सोमवारी केंद्राकडून आणि लिंक सेंटरकडून दोन याद्या घ्या: या आठवड्यात कुणाची तारीख आहे, आणि मागच्या आठवड्यात कोण आलं नाही. तारीख चुकलेल्याला दुसऱ्याच दिवशी फोन. उचलला नाही तर तिसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी, संध्याकाळी सातनंतर, कारण दिवसा माणूस रानात असतो. सातव्या दिवशी घरी, पण आधी संमती दिली असेल तरच. सरकारी नोंदीत तीन महिने न आलेला माणूस एलएफयू, म्हणजे संपर्क तुटलेला, ठरतो. तुम्ही तिथवर थांबायचं कारण नाही. चार आठवडे उलटले म्हणजे बहुतेकांच्या हातातल्या शिल्लक गोळ्याही संपलेल्या असतात. त्याच वेळी केंद्राला लेखी कळवा आणि पोच घ्या.

संमतीचे तीन रकाने वहीत हवेतच: फोन चालेल का, घरी आलेलं चालेल का, घरात कुणाला माहीत आहे. चौथा रकाना तितकाच महत्त्वाचा: फोन दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं. बचतगटाच्या ताई, शिलाई क्लास, विमा, जे त्या माणसाने स्वतः सुचवलं असेल ते. कार्यकर्त्याने ऐनवेळी काही सुचवू नये.

गोळ्या मोजायची पद्धत सोपी आहे, तरी चुकते. दिलेल्या गोळ्यांतून उरलेल्या वजा करा आणि आजवर जितक्या खायला हव्या होत्या त्याने भागा. तीसपैकी दोन चुकल्या तरी प्रमाण ९३ टक्क्यांवर येतं, अपेक्षा ९५ च्या वर असते. मात्र "डबा दाखवा" म्हणून उलटतपासणी केलीत तर माणूस भेटीच्या आदल्या दिवशी गोळ्या फेकून देतो. "गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी राहिली?" असं विचारलं की खरं उत्तर यायची शक्यता जास्त.

ऊसतोडीबद्दल वेगळं लिहितो, तो भाग मोठा आहे.

---

उपचारसाथ

ऊसतोडीची तयारी ऑक्टोबरात सुरू केली तर उशीर झालेला असतो. मुकादमाकडून उचल घेतली जाते तेव्हाच, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, कोण कुठल्या कारखान्याला जाणार ते कळतं. तेव्हाच यादी करा: माणूस, कारखाना, जवळचं मोठं गाव, सोबत जोडीदार आणि मुलं आहेत का, गरोदर आहे का, आणि मुक्काम बदलला तरी लागेल असा एक फोन नंबर. मुकादमाचा नंबर कधीही घेऊ नका. त्याला सुगावा लागला तर पुढच्या हंगामात त्या कोयत्याला (ऊसतोडीच्या जोडीला) काम मिळायची खात्री नाही.

सप्टेंबरअखेर एका फेरीत ही कामं उरका. व्हायरल लोड डिसेंबर ते मार्चमध्ये येणार असेल तर आधीच करून घेता येतो का, ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. टीबीची चार लक्षणं विचारून घ्या: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. निघायच्या आधल्या आठवड्यात तीन महिन्यांच्या गोळ्या. ग्रीन बुकच्या (रुग्णाकडे असणारी उपचाराची वही) पहिल्या पानाचा आणि शेवटच्या नोंदीचा फोटो त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये. हंगाम सहा महिन्यांचा आणि गोळ्या तीन महिन्यांच्या, म्हणून मधली एक खेप कारखान्याजवळच्या एआरटी सेंटरमधून घ्यावी लागते. ग्रीन बुक दाखवून तात्पुरत्या गोळ्या मिळतात, त्यासाठी कायमची बदली लागत नाही. ते केंद्र कुठल्या दवाखान्यात, कुठल्या खोलीत, कुठल्या वेळेत चालतं हे चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठीवर "एआरटी" शब्द नको. माहिती पाहिजे असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

खरी अडचण पुढे आहे. मधल्या खेपेच्या दिवशी खाडा पडतो आणि टोळीत विचारणा होते. म्हणून तारीख कारखान्याच्या साप्ताहिक बाजाराच्या दिवशी ठरवा, बाजाराला जायला कुणी कारण विचारत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडून एक फोन आणि खेपेच्या आधी तीन दिवस दुसरा. अर्धवेळ माणसांपैकी एकाचा डिसेंबर-जानेवारी याच कामासाठी राखून ठेवा.

कोपीवरची (तोडणी कामगारांची तात्पुरती झोपडी) साठवण हाही प्रश्न असतो. डबा वाजतो, म्हणून लोक गोळ्या काढून प्लॅस्टिकच्या पुडीत बांधतात. तिथे उष्णता आणि ओल लागून त्या खराब होतात. मूळ डबाच ठेवा, आतली ओल शोषणारी पुडी काढू नका आणि आवाज बंद करायला वर स्वच्छ कापसाचा बोळा घाला. लेबल नको असेल तर काढा, पण मुदत संपायची तारीख झाकणावर मार्करने लिहा. वेळ घड्याळाला बांधू नका. पहाटे तीनला गाडी भरायला उठणाऱ्याला "रात्री नऊ" पाळता येत नाही. सध्याची टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं असलेली एचआयव्हीची गोळी) जेवणाआधी किंवा नंतर, कशीही चालते. रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीला जोडा, जसं संध्याकाळची भाकरी. ज्यांची झोप उडते त्यांनी सकाळी घ्यावी. राहून गेली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

---

पाणंद

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. त्यात गटाने गोळ्या आणण्याची भर घालते.

मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ मध्ये हे सुरू झालं. लांबचं केंद्र, प्रवासाला पैसे नाहीत, केंद्रात माणसं कमी, म्हणजे आपल्यासारखीच अडचण. एका भागातले जास्तीत जास्त सहा जण गट करतात. दर महिन्याला एक जण केंद्रात जातो, सगळ्यांच्या गोळ्या आणतो आणि स्वतःची तपासणी करून घेतो. प्रत्येकाची पाळी सहा महिन्यांनी येते. जाण्याआधी गट एकत्र बसतो, गोळ्या मोजतो, कुणाला काय होतंय ते विचारतो आणि कार्डावर लिहितो. गट टिकतो तो या बैठकीमुळे. ती बंद पडली की सहा जणांसाठी एकच माणूस कायमचा पोस्टमन होतो आणि बाकीचे पाच वर्षभर डॉक्टरच्या नजरेला पडत नाहीत.

आपल्याकडे हे करायचं तर काही अटी पाळाव्या लागतील. केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या. कुणाची ग्रीन बुकं कोण आणणार हे त्यांच्या नोंदीत हवं, नाहीतर खिडकीवरून परत पाठवतील. गटात फक्त स्थिर माणसं. गरोदर बाई, टीबीचा रुग्ण, नवा रुग्ण, व्हायरल लोड चढलेला, यांनी स्वतःच जायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकमेकांची स्थिती ज्यांना आधीपासून माहीत आहे त्यांचाच गट करा. कार्यकर्त्याने "तुमच्याच गावात अजून दोघं आहेत" म्हणून ओळख करून देणं ही मोठी चूक. नवरा-बायको, बहिणी, महिन्याच्या बैठकीत मैत्री झालेल्या बाया, अशांचे दोन-तीन जणांचे गट झाले तरी पुष्कळ. सहाचा आकडा गाठायची घाई नको.

केंद्र तीन महिन्यांच्या गोळ्या देत असेल तर तिघांच्या गटात प्रत्येकाला नऊ महिन्यांतून एकदा जावं लागेल. ते फार लांबतं. प्रत्येकाने सहा महिन्यांतून एकदा तरी स्वतः जायचं असं ठरवा आणि ती खेप रक्ततपासणीच्या महिन्याशी जुळवा.

महिन्याच्या सर्वसाधारण बैठकीबद्दल माझं मत, ती बंद करा. मंडप, चहा, नाश्ता, भाषण. तालुक्यात सगळ्यांना कळतं की त्या हॉलमध्ये कोण जमतं. पोषण आहाराची पाकिटंही सरसकट नकोत.

---

गोदाकाठ

पाकिटं बंद केली की निम्मे लोक संपर्कच तोडतील, अशी आमच्या कार्यकर्त्यांना भीती आहे. आणि घरी कुणी आजारी दिसलं तर आता काय करायचं? समन्वयक नसेल, डॉक्टरला फोन करणारं कुणी नसेल.

---

पाणंद

जे फक्त पाकिटासाठी येतात त्यांचा संपर्क तुटलेला चालेल, त्यांच्या गोळ्या तुटता कामा नयेत. बंद होण्याआधी तीन महिने सांगा आणि त्याच तीन महिन्यांत त्यांचे सरकारी हक्काचे अर्ज भरून द्या. संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे, महिन्याला १,५०० रुपये मिळतात, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये. टीबीचा उपचार चालू असेल तर निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये थेट खात्यात येतात. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. एसटीच्या साध्या गाडीत एचआयव्ही बाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे, पण कंडक्टरसमोर ओळखपत्र दाखवावं लागतं म्हणून आपल्या गावच्या गाडीत अनेक जण ती वापरत नाहीत. त्यांच्यावर जबरदस्ती करू नका.

अडतं ते बहुधा निराधार योजनेत. अर्ज तहसीलमधून जातो आणि मंजूर यादी चारचौघांत वाचली जाते. विधवा बाईचा अर्ज विधवा म्हणून, दिव्यांगाचा दिव्यांग म्हणून बसत असेल तर तसाच भरा, आजाराचा कागद जोडायची गरजच पडत नाही.

---

सिस्टर_ओपीडी

घरी आजारी दिसलं तर काय, याचं उत्तर एका पानावर मावायला हवं आणि ते पान प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत हवं. निदान करणं हे त्यांचं काम नाही. "आज", "या आठवड्यात" की "पुढच्या तारखेला" एवढंच ठरवायचं.

आजच हलवायचं: मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, नाडी १२० किंवा जास्त, ताप ३९ सेल्सिअस किंवा वर, आधाराशिवाय चालता न येणं. यातलं एकही असलं तरी १०८ ला फोन. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. याशिवाय, सीडी४ कमी असलेल्या माणसाचं डोकं आठवडाभर दुखतंय आणि ताप आहे, किंवा बोलणं असंबद्ध झालंय, झटके आले, तर तेही आजच. मेंदूच्या आवरणाचा बुरशीचा किंवा टीबीचा संसर्ग असू शकतो. क्रोसिन देऊन चार दिवस बघू, असं केल्याने माणसं जातात.

या आठवड्यात: टीबीच्या चारपैकी कुठलंही लक्षण, कितीही दिवसांचं असो. एचआयव्ही नसलेल्यासाठी दोन आठवड्यांचा खोकला हा निकष लावतात, इथे त्याची वाट बघायची नाही. गिळताना दुखणं, तोंडात पांढरा थर, डोळे पिवळे, सतत जुलाब, नव्या औषधानंतर अंगावर पुरळ. पुरळासोबत तोंड-डोळे सोलवटले असतील तर तेही आजच.

आता औषधांतल्या काही जागा, ज्या केंद्रात कळत नाहीत आणि घरातच दिसतात. तुमच्या माणसांचा खरा उपयोग इथे आहे.

गरोदर बाईला आशाताई लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात, ते बरोबरच आहे. पण उपाशीपोटी त्या टीएलडीसोबत घेतल्या तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. तिन्ही एकत्र घ्यायच्या तर जेवणासोबत, नाहीतर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ॲसिडिटीचं पातळ औषध मात्र जेवणासोबतही एकत्र नको, तिथे दोन आणि सहा तासांचं अंतर पाळायचंच.

टीबीचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू होतात आणि एआरटी सेंटरला कित्येकदा उशिरा कळतं. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी घटते, म्हणून ५० मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांच्या अंतराने लागते आणि टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे चालू राहते. टीबीची गोळी चालू आहे आणि दुसरी डोल्युटेग्राविर नाही असं दिसलं की त्याच दिवशी केंद्राला फोन. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं प्रमाण वाढतंय. टीएलडीसोबत ते दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, आणि बाहेरच्या डॉक्टरला एचआयव्हीचं सांगितलेलंच नसतं. कंबर-गुडघ्यासाठी मेडिकलमधून रोज घेतल्या जाणाऱ्या दुखण्याच्या गोळ्याही विचारा, कारण टेनोफोविर किडनीवर ताण देतं.

टीबी होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम आणि बी६ देतात. हातापायाला मुंग्या, जळजळ, भूक मरणं, डोळे पिवळे दिसले तर थांबवून केंद्रात. दारू पिणाऱ्यात यकृताला जास्त धोका.

गोळ्या सोडलेला माणूस परत आला तर त्याला रागावून केंद्रात पाठवू नका, सोबत जा. त्याचा सीडी४ पुन्हा करायला सांगा आणि टीबीची चौकशी करा, कारण अशा लोकांमध्ये आजार पुढे सरकलेला असतो. आणि ज्यांना कावीळ बीसुद्धा आहे त्यांना ठळक सांगा: टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन तीही आवरतात. गोळ्या एकदम बंद केल्या तर काही आठवड्यांत यकृताला जोरात सूज येऊ शकते.

बाळाचं एक वेळापत्रक पाठ करा. जन्मल्याबरोबर प्रतिबंधक औषध सुरू. सहा आठवड्यांनी टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पहिली तपासणी, मग सहा महिने, बारा महिने आणि अठरा महिन्यांना शेवटची. पहिली तपासणी पेंटाव्हॅलंट लसीच्या पहिल्या डोसच्या वेळीच येते, म्हणून लसीचं कार्ड बघितलं की लक्षात राहतं. नोव्हेंबर ते मार्चमध्ये जन्मलेलं बाळ फडावर असतं आणि नेमकी ही पहिली तपासणी हुकते. अशा आईचं नाव लाल शाईने लिहा आणि कारखान्याजवळच्या रुग्णालयातल्या आयसीटीसी (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्र) समुपदेशकाशी तुमच्या केंद्रातून थेट बोलणं करून द्या.

पिशवीत काय ठेवायचं? डिजिटल थर्मामीटर, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, वजनकाटा, ओआरएस, हातमोजे. दोन भेटींमधली वजनाची घट ही तुमच्या हातातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी तपासणी आहे. रक्तदाबाचं यंत्र घेऊन फिरायची आवश्यकता नाही.

---

हिशेबनीस

पैशाचं बोलतो. आधी महिन्याचा किमान आकडा काढा. दोन अर्धवेळ मानधनं ६,००० प्रमाणे १२,०००. त्यांचा प्रवास ३,५००. दोन फोन ६००. तातडीला रुग्णाचं भाडं आणि सोबत जाणाऱ्याचा खर्च ३,०००. वह्या, छपाई, लेखापरीक्षणाचा वाटा १,५००. एकूण २०,६००, म्हणजे वर्षाला २,४७,२००. तुमच्याकडचे दर घालून बदला. एवढा आकडा स्थानिक पातळीवर उभा राहू शकतो. प्रकल्पाचा मूळ आकडा उभा राहणार नाही, म्हणून त्याच्या मागे लागू नका.

मानधन शून्य करून स्वयंसेवकांवर चालवू, ही कल्पना कुणी मांडली तर ठाम नकार द्या. ज्या बाईची स्वतःची रोजंदारी बुडते तिच्याकडून फुकट काम करून घेणं अन्याय आहे, आणि ते टिकतही नाही. आरोग्य कार्यकर्त्यांना मोबदला द्यावा असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे.

महिना २०० रुपये देणारे शंभर जण शोधा: तालुक्यातून शिकून पुण्या-मुंबईला गेलेले, डॉक्टर, औषध दुकानदार, शिक्षक. एकच मोठा देणगीदार सुटला तर काम थांबतं, शंभरातले दहा सुटले तर थांबत नाही. बँकेतून आपोआप वळते होणारे हप्ते घ्या. करसवलतीची ८०जी नोंदणी चालू आहे का आणि मुदत कधी संपते ते बघा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. कंपनीकडे तिच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीसाठी जायचं तर सीएसआर-१ ची नोंदणी लागते, ती आताच करून ठेवा. मोठ्या संस्थेकडे परदेशी निधी आहे, त्यातून थोडा आपल्याला मिळेल, ही आशा सोडा. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही.

अगरबत्ती, पापड, पिशव्या करून संस्थेचा खर्च काढू, असंही सुचवलं जाईल. बायांच्या संसाराला त्यातून हातभार लागतो, तो जरूर लावा. संस्थेचा महिन्याचा खर्च त्यातून निघत नाही, आणि विक्रीच्या धावपळीत सोमवारची यादी मागे पडते.

जमा होईल त्यातून सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास, बाजूला पडेपर्यंत तिसरं माणूस नेमू नका.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. यादीची विभागणी या आठवड्यात सुरू करतो. एक राहिलं. प्रकल्पाच्या जुन्या वह्या, फॉर्म, फोटो, कार्यकर्त्यांच्या फोनमधली माहिती, याचं काय करायचं? भाड्याची खोली ३१ मार्चला सोडायची आहे.

---

पाणंद

बरं झालं विचारलंत. प्रकल्प संपतात तेव्हा नावानिशी भरलेले फॉर्म रद्दीत जातात, आणि गावात बातमी फुटायला तेवढं पुरतं.

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. कलम ८ प्रमाणे संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही आणि कलम ११ प्रमाणे नोंदी ठेवणाऱ्या आस्थापनेवर त्या सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आहे. आस्थापनेच्या व्याख्येत बारा महिने किंवा जास्त काळ पद्धतशीर काम करणारे दोन जणही येतात. निधी संपला म्हणून जबाबदारी संपत नाही.

फेब्रुवारीतच ढीग वेगळे करा. करारानुसार निधी देणाऱ्याला जे द्यायचं ते सीलबंद, पोच घेऊन. हिशेबाची कागदपत्रं ठेवायचीच, पण ज्या पावत्यांवर रुग्णाचं नाव आहे तिथे नाव झाकलेली प्रत फाईलला आणि मूळ प्रत कुलुपात. पुढच्या कामाला लागेल ती माहिती नव्या वहीत सांकेतिक क्रमांकाने उतरवा. क्रमांक आणि नाव जुळवणारी वही एकच, ती वेगळ्या कपाटात, किल्ल्या दोन विश्वस्तांकडे. उरलेलं सगळं दोन विश्वस्तांसमोर फाडून जाळा आणि काय नष्ट केलं, कधी, कुणासमोर, याची नोंद ठरावाच्या वहीत करा. नोंदीत रुग्णांची नावं नकोत.

फोनचं जास्त अवघड. सिमकार्ड संस्थेच्या नावावर करून घ्या. सोडून जाणाऱ्या कार्यकर्त्याने व्हॉट्सॲपचे गट, नंबर, ग्रीन बुकचे फोटो तुमच्यासमोर काढून टाकावेत, गॅलरीच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमधूनही. बैठकांचे गटफोटो संस्थेच्या फेसबुक पानावर असतील तर आजच उतरवा, मार्चची वाट बघू नका.

खोली सोडण्याआधी दारावरची प्रकल्पाची पाटी तुम्ही स्वतः काढून न्या. आणि त्या पत्त्यावर येणाऱ्या रिपोर्ट-पत्रांसाठी पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज द्या, नाहीतर नवा भाडेकरू ती पाकिटं उघडेल.

---

उपचारसाथ

यात एक जोडतो: नवा फोन नंबर लोकांना १ एप्रिलनंतर कळवू नका. मार्चभर जुना आणि नवा दोन्ही चालू ठेवा, मार्चमधल्या गोळ्यांच्या प्रत्येक तारखेला फोन नव्या नंबरवरून करा. तीन महिन्यांच्या गोळ्या नेलेल्यांची तारीख मार्चमध्ये येणार नाही, त्यांची यादी वेगळी काढून त्यांना जानेवारीपासूनच कळवायला लागा. ऊसतोडीला गेलेले परत येतात तो महिना एप्रिलच, तेव्हा त्यांच्याकडे जुनाच नंबर असेल. ते सिम निदान जूनपर्यंत रिचार्ज करत राहा.